आमच्या घराचा तलाव झाला ते वर्ष

आमच्या घरावर किती वर्षं निळी ताडपत्री होती. आमच्या गावात त्यात नवल नाही. ओवे गावाच्या पुढे, खारघरच्या टॉवरांच्या पायथ्याशी आमचं जुनं गाव आहे. मे संपत आला की निम्मी घरं निळी होतात. ताडपत्री टाकायची, वर जुने टायर ठेवायचे, दोऱ्या खिडकीच्या गजांना बांधायच्या आणि दिवाळीला सगळं उतरवायचं. आम्ही उतरवत नव्हतो. मागच्या खोलीवरचे वासे कुजले, तेव्हा तिथली कौलं काढून अंगणात रचून ठेवली आणि छप्पर नीट होईपर्यंत ताडपत्री असू दे म्हटलं. ती फाटली की आमचे हे नवी आणत आणि जुनीवरच पसरत. उन्हाळा, हिवाळा, आमचं घर आपलं निळंच.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही ठरवलं की आता पत्रा घालायचा. मागची भिंत मातीची आहे. दर पावसात ती थोडी थोडी भिजत होती आणि हात लावला तर बोटाला लागत होती. अजून एक पावसाळा तिने काढला नसता. पण आता गाव शहरात गेलंय. परवानगीशिवाय छपराला हात लावला तर अतिक्रमण म्हणून पाडतात, शेजारच्या आळीत पाडलंही होतं. म्हणून आम्ही दोघं ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि शहराचा नवा नकाशा त्यांनी केलाही नव्हता. तो वरून काढलेल्या फोटोंवरून करायला बाहेरची माणसं लावली होती म्हणे.

खिडकीवरच्या पोरसवदा क्लार्कने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, मग परत कॉम्प्युटरमध्ये.

"काका, इथे दुरुस्ती मिळणार नाही. इथे तलाव आहे."

"कुठं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुमच्या जागेवर."

"आमच्या जागेवर आमचं घर हाय."

"नवीन आराखड्यात तलाव आहे. हे बघा, निळं." त्याने पडदा आमच्याकडे वळवला. सगळीकडे पिवळे, करडे चौकोन होते आणि मधे एक निळा ठिपका. एका कोपऱ्यात जरा चिंचोळा. मोरीवर ताडपत्री निमुळती बांधली होती, तसाच.

"मग आमी रातच्याला झोपतो कुठं? पाण्यात?"

"ते मला कसं कळणार काका? मी दुरुस्तीचं टेबल बघतो."

"आमाला लाईटबिल येतंय ना!"

"ते वेगळं खातं."

हे चिडले की आवाज चढतो आणि मला मान वर करवत नाही. मी ह्यांची बाही ओढत होते. मला चार माणसांत बोलायला कधीच जमलं नाही. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तेव्हा मी खाली बसले, आणि त्या वर्षानंतर शाळाच सुटली. लिहायचं असलं की मात्र जमतं, कुणी बघत नाही. त्या क्लार्कला बहुतेक माझीच दया आली. तो म्हणाला, "मावशी, आराखडा अजून कच्चा आहे. हरकत घ्या. उन्हाळ्यात सुनावणी लागेल. तोवर छपराला हात लावू नका, नाहीतर तलावात बांधकाम होईल."

म्हणजे असं झालं. ताडपत्री होती म्हणून तलाव, आणि तलाव होता म्हणून ताडपत्री काढून पत्रा घालता येईना.

हरकतीचा अर्ज देऊन घरी आलो आणि सांगितलं, तर आमची जाऊ, शेजारीच राहते, ती पोटभर हसली. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून रोज विचारणं सुरू. "काय गो, आज भरती हाय का ओहोटी?" "आज जाळ्यात घोळ हाय का कोलबी? वाटा ठेव माझा." आमचे हे तिच्यावर ओरडले की म्हणायची, "भावोजी, पाण्यात राहून माशाशी वैर नको."

हसण्यावारी गेलं असतं, पण बजेट आलं. बजेटात तलावाला पैसे निघाले. सुशोभीकरण. मला तो शब्द तेव्हा पाठ झाला, कारण आमच्याच भिंतीवर बॅनर लागला. तलाव सुशोभीकरणाला निधी मिळवून दिल्याबद्दल कुणा पुढाऱ्याचं अभिनंदन, त्याचा हात जोडलेला मोठा फोटो, आणि खाली त्याच्या मित्रमंडळाचे छोटे छोटे फोटो. बॅनर लावायला आलेल्यांनी माझ्याकडेच स्टूल मागितलं.

मी विचारलं, "तलाव कुठाय?"

वर चढलेला म्हणाला, "इकडेच कुठेतरी आहे. ताई, जरा स्टूल धरा."

मी स्टूल धरलं.

मग मार्चमध्ये एक दिवस टेम्पो आला. कंत्राटदाराचा माणूस उतरला. त्याने अंगणात इकडे तिकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि कामगारांना खड्डा खणायला लावला. आमच्या पायरीच्या उजव्या हाताला लोखंडी पाटी उभी राहिली. 'तलाव खोल आहे. पोहण्यास सक्त मनाई.' शेजारी खांब आणि खांबाला टांगलेलं नारिंगी रिंगण, बुडणाऱ्याला फेकायचं असतं ते. कौलं रचली होती तिथे ती सरकवून सिमेंटचा बाक ठेवला. बाकाचं तोंड आमच्या दाराकडे.

मी धीर करून म्हटलं, "दादा, इथे पाणी नाही."

"दिसतंय मला ताई. पण मार्च एंड आहे. एप्रिलमध्ये पैसे परत जातात. पाटी, रिंग नि बाक यावर्षीचं आहे. पाणी पुढच्या वर्षीचं असेल." मग फोटो काढायला तो मागे सरकला आणि म्हणाला, "तेवढं कोंबड्यांना बाजूला घ्या ना, फोटोत येतायत."

कोंबड्यांना बाक फार आवडला. आमच्या ह्यांनी आधी शिव्या घातल्या, नंतर तेही संध्याकाळी त्याच्यावर बसायला लागले.

मी टॉवरमध्ये एका बाईंकडे स्वयंपाकाला जाते. बाई ज्यू आहेत, मूळच्या कोकणातल्याच. आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. नोकरीतून रिटायर झालेल्या, मिस्टर गेले, मुलं इस्राएलला. शनिवारी त्या विस्तव पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी मी दोन दिवसांचं करून ठेवते. अशाच एका शुक्रवारी मी भाकऱ्या थापत होते आणि बाई ओट्याशी स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या.

"आज मी एक पुण्याचं काम केलं," त्या म्हणाल्या. "आपल्या इथला तलाव वाचवायला सही केली. खालचे ते सकाळी चालायला जाणारे काका आहेत ना, त्यांनी समिती काढलीय. तलावात कुणीतरी घर बांधून बसलंय म्हणे. अतिक्रमण."

माझी भाकरी तव्यावर फुगायची राहिली.

"कुठला तलाव बाई?"

"अगं, बाल्कनीतून दिसतो. ये, दाखवते."

मी पिठाच्या हाताने गेले. इतकी वर्षं त्या घरात जात होते, पण बाल्कनीत कपडे वाळत घालायचं काम दुसऱ्या कामवालीकडे होतं, मी कधी वाकून बघितलं नव्हतं. बाराव्या मजल्यावरून आमचं गाव मुठीएवढं दिसत होतं. करडी छपरं, नारळ, आणि मधोमध निळं. उन्हात चकाकत होतं. वारा आला तशी त्याच्यावर बारीक लाट उठली. खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, किती छान तलाव आहे, आपल्याला कसा माहीत नाही. मग काठावर माझी लाल साडी वाळत घातलेली दिसली.

"बाई, ते माझं घर आहे."

"तलावाकाठी राहतेस? आणि मला बोलली नाहीस!"

"काठी नाही. ते निळं आहे ना, त्याच्या खाली."

बाईंनी चष्मा पुसला, परत बघितलं. मग लसणाचा वाडगा तसाच मांडीवर घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मी हसले नाही, म्हणून थांबल्या. मी भिंतीचं सांगितलं. पावसाआधी पत्रा चढला नाही तर ती बसेल, सांगितलं. मी एका दमात इतकं कुणाशीच बोलले नव्हते.

त्या तशाच चपला घालून खाली गेल्या, सही मागे घ्यायला. वर आल्या तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "सही मागे घेता येत नाही म्हणतो. म्हणे निसर्गाच्या कामात माघार नसते. अतिक्रमण करणारी म्हणजे माझी स्वयंपाकीण आहे म्हटलं, तर म्हणतो, तुम्ही भावनेच्या आहारी जाताय." मग मला म्हणाल्या, "सुनावणीला मी येणार. आणि तुझं घर पाण्याबाहेर आलं तर मलिदा करीन." त्यांच्यात एलियाहू नबीला नवस बोलतात आणि तो फेडायला भिजवलेल्या पोह्यांचा गोड मलिदा करतात. मी त्यांना म्हटलं, बाई, एवढ्यासाठी देवाला कशाला त्रास. त्या म्हणाल्या, "ऑफिसचं काम आहे. देव लागेलच."

सुनावणी मे महिन्यात होती. हॉलमध्ये पंखे होते, पण ते साहेबांकडे. आमचा नि समितीचा विषय एकच म्हणून दोघांना एकदम आत बोलावलं. तलाववाले काका आधी बोलले. चांगलं बोलले, सगळे ऐकत राहिले. जमिनीत मुरणारं पाणी, वाढणारं शहर, पुढची पिढी. आपण स्वतः रोज सकाळी त्या तलावाकडे बघून मन शांत करतो, म्हणाले. बगळेही पाहिलेत म्हणाले. बगळे होते, ते खोटं नव्हतं. जावेच्या म्हशीच्या मागे येतात.

आमचे हे उसळले. "आवो, ती ताडपत्री हाय, ताडपत्री! तुमी कदी आमच्या आलीत पाय ठेवलाय काय?"

साहेब म्हणाले, "एकेकाने. घर कुणाच्या नावावर आहे?"

घर माझ्या नावावर आहे. सासऱ्यांनी मरताना तसं केलं होतं, ह्यांचा राग माहीत होता म्हणून. मला उभं राहावं लागलं.

"बोला बाई. तुमचं म्हणणं काय?"

मी म्हटलं, "मी तिथे राहते."

"तिथे पाणी असतं का?"

आता मला कुणी सरळ विचारलं की मला खोटं बोलता येत नाही. शिवाय ते साहेब होते. मी म्हटलं, "पावसात असतं."

"किती?"

"मागच्या खोलीत घोट्यापर्यंत. मोरीकडे जरा जास्त."

ह्यांनी कपाळावर हात मारला तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. साहेबांनी शेजारच्या लिहिणाऱ्याला सांगितलं, "घ्या. जागेवर पाणी असल्याचे राहणाऱ्यांनी मान्य केले." तलाववाले काका माझ्याकडे बघून मान डोलवत होते, जणू मी त्यांच्यातलीच.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. "अहो साहेब, ते पाणी छपरातून गळतं!"

"घ्या," साहेब म्हणाले, "पाण्याचा स्रोत, पाऊस."

बाईंनी मग ताडपत्रीचं सगळं नीट समजावून सांगितलं. बाल्कनीतून काढलेला फोटो दाखवला, त्यात माझी साडी दाखवली. साहेबांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला. त्यांनाही पटलं, चेहऱ्यावरून कळत होतं.

"माझा विश्वास बसलाय," ते म्हणाले. "पण माझ्या विश्वासाला नकाशात रंग नाही. वरून दिसलं ते नकाशात आलंय. आता वरूनच परत बघावं लागेल. ड्रोन मागवू. त्या दिवशी तेवढं निळं काही नको."

"ड्रोन कधी?" ह्यांनी विचारलं.

ड्रोन आषाढात मिळाला.

भिंतीने तोवर दम धरला होता. दिलेल्या दिवशी उजाडताच आम्ही तांदळाचे डबे, गाद्या, टीव्ही जावेकडे नेला. हे वर चढले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ताडपत्री पूर्ण उतरवली, एकाखाली एक निघतच होत्या. मागच्या खोलीतून थेट आभाळ दिसायला लागलं. काळंभोर आभाळ. जाऊ खालून म्हणाली, "भावोजी, आता खरा तलाव व्हतोय बघा."

ताडपत्रीची घडी घालून होते न होते तोच पाऊस कोसळायला लागला. ड्रोनवाला आला, पण त्याचं यंत्र पावसात उडत नाही म्हणे. तो बाकावर छत्री धरून बसला, पाटीखाली. मग साहेब आले, सोबत त्यांचा माणूस. रिक्षातून बाई उतरल्या. सगळे आत आले, कारण बाहेर थांबायला जागा नव्हती, आणि पाहणी करायची म्हणून मागच्या खोलीत छत्र्या उघडून उभे राहिले, कारण आत पाऊस पडत होता. मागची खोली खोलगट आहे. बघता बघता पाणी घोट्याला लागलं.

साहेबांचा माणूस पँट वर दुमडत हळूच म्हणाला, "साहेब, पाणी तर आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते, म्हणजे पाण्याकडे. मला रडू येत होतं. भिंतीवरून मातीचा लगदा ओघळून पाण्यात पडत होता आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

तेवढ्यात तलाववाले काका आले. रेनकोट, गळ्यात लांब नळीचा कॅमेरा. मागच्या खोलीत येऊन थबकले. समोर माझी गॅसची शेगडी, देव्हारा, भिंतीवर भांड्यांची मांडणी, मागे साहेब छत्रीखाली.

"तलाव कुठाय?" त्यांनी विचारलं.

जाऊ दारातून म्हणाली, "या ना काका, या असे मधी. आता तुमी उभे हाव ना, त्योच तलाव. चपला सांभाळा, मोरीकडे ओढ हाय."

काकांची एक चप्पल खरंच मोरीकडे निघाली होती. ते तिच्यामागे दोन पावलं गेले, चप्पल हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. वर बघितलं. त्यांच्या चष्म्यावर पाऊस पडत होता.

"तुम्ही इथे झोपता?" त्यांनी मला विचारलं.

"पावसात पुढच्या खोलीत," मी म्हटलं.

मला पुढे काय करावं कळेना. घरी एवढी माणसं आली होती आणि बसायला सांगता येत नव्हतं. म्हणून मी चहा टाकला. पुढच्या खोलीवर कौलं शाबूत आहेत, शेगडी तिच्या दाराशी ओढून घेतली. आलं किसलं. बाईंनी एका हाताने माझ्यावर छत्री धरली आणि दुसऱ्याने कप मांडले. मी ताटात कप घेऊन पाण्यातून जपून चालले आणि पहिला साहेबांना दिला, मग काकांना.

साहेब घोट घेणार तोच पाऊस थांबला. आमच्याकडे थांबतो तसा, नळ बंद केल्यासारखा. बाहेरून ड्रोनवाला ओरडला, "उडवतो हां!" आणि भुणभुण करत ते यंत्र आमच्या डोक्यावर येऊन उभं राहिलं. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

ड्रोनवाल्याने आत येऊन पडदा दाखवला. मी तो फोटो विसरणार नाही. कौलांच्या मधे एक चौकोनी भोक आणि भोकात आम्ही. साहेब कप ओठाशी धरून. काका, एका हातात चप्पल, एका हातात कप. बाई हसतायत, छत्री मिटलेली. हे वाशाला धरून. दारात जाऊ पदर नीट करतेय. आणि मधे मी, ताट घेऊन, तोंड उघडं. सगळ्यांची तोंडं आभाळाकडे.

साहेबांनी बघितलं. त्यांचा माणूस परत म्हणाला, "पण साहेब, खाली पाणी..."

"अरे, तलावात कुणी आलं घालून चहा देतं का?" साहेब म्हणाले. "घे लिहून. तलाव नाही. घर आहे."

काका कप विसळून ठेवायला मोरीकडे निघाले, मी घेतला त्यांच्या हातातून. जाताना ते म्हणाले, "बगळे मात्र होते." मी हो म्हटलं.

परवानगी गणपतीआधी आली. तोवर परत ताडपत्री. भिंत एका कोपऱ्यात खचली, पण पडली नाही, तिथे ह्यांनी विटा घालून घेतल्या. पत्रा आम्ही लाल घातला. बाईंनी मलिदा केला, पोहे, नारळ, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. जावेने दोनदा मागून घेतला आणि विचारलं, "हा कंचा देव गो? पत्ता दे, माझंबी एक काम हाय."

बाल्कनीतून आता लाल दिसतं. बाई म्हणतात बरं दिसतं, पण तिकडे बघत उगाच जरा वेळ उभ्या राहतात.

पाटी अजून तिथेच आहे. हे उपटायला गेले तेव्हा कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, ती सरकारी मालमत्ता आहे, हात लावलात तर गुन्हा होईल, आणि ती काढायची तर बजेटात वेगळी तरतूद लागते. बाकही आहे, रिंगणही. त्यामुळे रविवारी टॉवरांतली नवी माणसं पोरांना घेऊन फिरत फिरत येतात, पाटी वाचतात, इकडे तिकडे बघतात, आणि मी दारात तांदूळ निवडत असले तर मलाच विचारतात, "मावशी, इथे तलाव होता ना?"

मला अनोळखी माणसांशी फार बोलता येत नाही. मी म्हणते, "आटला."

ते हळहळतात. एक बाई तर म्हणाली, माणसाने निसर्गाचं काय करून ठेवलंय. मी मान हलवते, सूप उचलते आणि आत येते. आत सगळं कोरडं असतं.